पावडर : नाही

डेल हा माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो. आमच्या गावात, आल्डर लेकमध्ये, हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी भांडलो ते सगळेच भांडतात. खरं वैर लागलं ते बाबा गेल्यावर, आणि तेही घरावरून किंवा जंगलाच्या तुकड्यावरून नाही, तर बंदुकीच्या दारूवरून.

आमचे बाबा, आर्विड हार्यू, गावची खाण बंद पडल्यावर पंचवीस वर्षं सरकारी रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचे आणि हिवाळाभर तळघरात बसून काडतुसं भरायचे. झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी गोळा करायची, घासून चकचकीत करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजून पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, वर गोळी. विकतच्या काडतुसानं हरीण मारणारा माणूस त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या बायकोनं केलेली पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आपल्या घरची म्हणून मिरवणाऱ्यासारखा होता. असा माणूस दिसला की ते नुसते हसायचे, आणि तो पुन्हा आमच्याकडे कॉफीला यायचा नाही.

पावडर ठेवायला त्यांनी एक पेटी केली होती. इंचभर जाडीच्या पाइनच्या फळ्या, कोपरे असे बसवलेले की नखही शिरू नये. पण मागची फळी मात्र चार बारीक खिळ्यांवर नुसती टेकवलेली. बोटानं ढकलली तर हलायची. मी बारा वर्षांचा असेन, मी विचारलं, एवढी देखणी पेटी आणि पाठ अशी लेचीपेची का? बाबांनी आम्हा दोघांना अंगणात नेलं, सपाट दगडावर चमचाभर पावडर ओतली आणि लांब काडीनं पेटवली. आम्ही कानांवर हात घेऊन उभे. ती फुर्रकन पिवळी जळाली आणि संपली. डेल तर रडकुंडीला आला, एवढंच का म्हणून.

"मोकळी असली की ही एवढंच करते," बाबा म्हणाले. "लोखंडात कोंडलीत तर घर उडवील. उद्या घराला आग लागलीच तर पेटीची पाठ आधी सुटली पाहिजे. कळलं?"

आम्ही मान हलवली. दोघांनीही हलवली, हे लक्षात ठेवा.

बाकी त्यांचे नियम गावात कुणालाही विचारा, पाठ असतील. पावडर तिच्या मूळ डब्यातच राहणार, बरणीत नाही, बाटलीत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापाच्या भांड्यात उरलेली पावडर लगेच ज्या डब्यातली त्याच डब्यात. टोप्या समोरच्या भिंतीवरच्या कपाटात, पावडरीपासून दूर. आणि दर वसंतात प्रत्येक डब्याचं झाकण उघडून वास घ्यायचा. चांगल्या पावडरीला नखांच्या रंगासारखा वास येतो. आंबूस वास आला, तांबूस धूळ दिसली की तो डबा बाद. बाबा नाक असं खुपसायचे की मार्लिस, माझी बायको, म्हणायची, चर्चमध्ये एवढी भक्ती दाखवली असतीत तर पाद्री खूश झाला असता.

मार्चमध्ये बाबा गेले. शेवटची सहा वर्षं मी आणि मार्लिस त्यांच्यापाशीच राहत होतो, म्हणून घर माझ्या नावावर झालं. त्याबद्दल डेल चकार शब्द बोलला नाही. पण स्वयंपाकघरातल्या खणात बाबांच्या हातची चिठ्ठी निघाली: तळघरातलं टेबल, काडतुसं भरायचं यंत्र आणि पावडर दोघांची. पौंडाचे चौदा डबे होते. त्या सुमारास दुकानांतून पावडर नाहीशीच झाली होती. दोनशे मैल गाडी हाणून गेलं तरी रिकामी फळी बघून परत यावं लागायचं. चौदा डबे म्हणजे घबाड होतं.

डेलकडे तळघराच्या दाराची किल्ली होतीच. मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो, संध्याकाळी घरी येतो. हा पठ्ठ्या मंगळवार-गुरुवार दुपारी यायचा आणि मी आल्यावर मला दिसायचं काय, तर मापाचं भांडं अर्धं भरलेलं. कुठली पावडर आहे, कळायला मार्ग नाही. कॉफीचा कप यंत्राच्या डोक्यावर. एका डब्याचं झाकण उघडं. मी चिठ्ठी ठेवली: 'झाकण लाव.' दोन दिवसांनी तिच्याखाली त्याचं उत्तर: 'लावलं होतं. तू चष्मा लाव.' मी लिहिलं: 'भांडं रिकामं करून जा.' त्यानं लिहिलं: 'जी, साहेब.' आणि भांडं तसंच. सरळ ओतलं ते अंगणात आणि पसरून टाकलं, दुसरं काय करणार? कुठल्या डब्यातली ते सांगायला कुणी नव्हतं, आणि चुकीच्या डब्यात गेलेली पावडर म्हणजे बंदूक फुटून कुणाचा तरी डोळा गेलाच. ती वाया गेलेली पावडर मी त्याच्या नावावर मनात लिहून ठेवली. मी विसरत नाही, हा माझा दोषच आहे.

ऑगस्टात एक डबा कमी भरला. मी त्या गुरुवारी मुद्दाम लवकर सुटून आलो. डेल टेबलाशी बसला होता, पाठ माझ्याकडे.

"डबा कुठं गेला?" मी विचारलं.

"कुठला डबा?" त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"चौदा होते. तेरा आहेत."

"तू मोजत बसतोस? नोकरी सोडलीस की काय?"

"नेलास ना?"

"नेला. माझ्याकडं यंत्र आहे, घरी बसून भरतो. दोघांची आहे ना?"

"दोघांची म्हणजे विचारून घ्यायची."

"तुला विचारायचं?" आता तो वळला. त्याचं ते अर्धं हसू, एका बाजूचं, आईच्या माहेरचं. "तुला विचारायचं म्हणजे बिशपकडं अर्ज करायचा. तीन प्रती, सहीशिक्का. जाऊ दे लॉइड, वास घेऊन बघितलाय मी, चांगली आहे पावडर."

"किल्ली ठेव इथं आणि चालता हो."

"किल्ली बाबांनी दिलीय. तू कोण मागणारा?"

"ज्यानं सहा वर्षं बाबांना सांभाळलं तो."

"सांभाळलंस." त्यानं शांतपणे भांड्यातली पावडर डब्यात ओतली, झाकण लावलं, नीट, मला दाखवून. "सहा वर्षं त्यांच्या घरात फुकट राहिलास हे पण सांगत जा लोकांना. सांभाळलं म्हणे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारला असता, पण आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे, आणि तळघरात पावडर. मी बाजूला झालो आणि तो शीळ घालत वर गेला. त्या शिळेनं मला जेवढं चिडवलं तेवढं त्याच्या बोलण्यानं नव्हतं चिडवलं.

रविवारी मार्लिस चर्चला गेल्यावर मी पेटीतले तेराही डबे काढले आणि माझ्या तिजोरीत, माझ्या आणि बाबांच्या बंदुकांच्या खालच्या फळीवर रचले. ही तिजोरी मी एका विकून टाकलेल्या दुकानातून आणली होती. हिरवी, तीन मणी दाराची, चौघांनी दोर लावून तळघरात उतरवलेली. तळघरात एकच जागा होती, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीच्या, भिंतीलगत. तिचा आकडा फक्त मला ठाऊक होता.

आता तुम्ही म्हणाल, तुला माहीत नव्हतं? होतं की. बाबांचा तो दगड, ती लांब काडी, सगळं डोळ्यापुढं होतं. दार लावताना हात एकदा थांबला सुद्धा. मग मी स्वतःला म्हटलं, घराला काय रोज आग लागते? चोर मात्र आठवड्यातून दोनदा येतो. आणि दार लावलं.

मंगळवारी डेल आला, पेटी उघडली, आणि थेट माझ्या कामावर आला. मी बसच्या खाली होतो. मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"पावडर कुठंय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"संपली. देऊन टाकली. घरात चिमूटभर नाही आता. किल्ली वापरायची तेवढी वापर."

बूट बराच वेळ तिथंच होते. मग म्हणाला, "खोटं बोलतोस," आणि गेला. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी बाकीच्या दोन्ही बसचे ब्रेक त्याच दिवशी केले.

आमच्या गावात सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बंबघरात पॅनकेकची न्याहारी असते. बंबवाले सगळे बिनपगारी, गावातलेच. ते तव्यावर पॅनकेक घालतात, आपण खातो आणि डब्यात नोट टाकतो. दाराशी टेबलावर बर्ट पेल्टो, बंबाचा मुख्य, कार्डांचा लाकडी खोका घेऊन बसतो. प्रत्येक घराचं एक कार्ड. कोण कुठं झोपतं, गॅसची टाकी कुठल्या बाजूला, कुणाला प्राणवायूचं नळकांडं लागतं का, आणि पावडर किती, कशात, कुठं. इथं घरोघरी काडतुसं भरतात, म्हणून हा रकाना. दर वर्षी कार्ड पुन्हा बघायचं आणि खाली सही करायची. आग लागली की बर्ट आधी कार्ड काढतो, मग बूट घालतो, असं लोक चेष्टेनं म्हणतात.

डेल पंधरा वर्षं बंबात आहे. त्या दिवशी तो तव्यावर होता, टेबलापासून चार हातांवर.

बर्टनं आमचं कार्ड काढलं. अजून बाबांच्याच अक्षरात होतं. "पावडर चौदा पौंड, लाकडी पेटी, तळघर, उत्तरेची भिंत," त्यानं वाचलं. "असंच ठेवू?"

"ठेव ना," डेल तव्यावरून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पेटीत काय आहे ते विचार त्याला."

रांगेतले लोक माझ्याकडं वळले.

"पावडर नाही आता," मी म्हणालो.

बर्टनं वर पाहिलं. "सगळी गेली? चौदा पौंड?"

"दिली."

"कुणाला?"

"ज्याला द्यायची त्याला. आता सगळा गाव माझी चौकशी करणार का?"

"लॉइड, मला कुणाला दिली त्याच्याशी घेणं नाही," बर्ट हळू आवाजात म्हणाला. तो सरळ माणूस आहे, आवाज चढवत नाही. "पण हे कार्ड म्हणजे गंमत नव्हे. आमची माणसं याच्या भरवशावर आत जातात."

"नाही म्हटलं ना."

त्यानं बाबांची ओळ खोडली आणि लिहिलं, 'पावडर : नाही.' मी सही केली. ताटली घेऊन पुढं गेलो, तर डेलनं तव्यावरचा सगळ्यात करपलेला पॅनकेक निवडून माझ्या ताटलीत टाकला.

"घे," तो म्हणाला. "खरं बोलणाऱ्याला मोठा."

मी तो खाल्ला. कडेपासून मध्यापर्यंत, त्याच्यासमोर उभा राहून.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. शनिवारी सौना, हे आमच्याकडं न चुकणारं. मार्लिस दुपारी चर्चच्या विक्रीसाठी पास्टी भरायला गेली होती. मी एकच्या सुमारास तळघरातली सौनाची भट्टी पेटवली आणि मागं लाकडं फोडायला गेलो. भट्टीमागच्या भिंतीत लाकूड आतल्या आत किती दिवस कोळसत होतं देव जाणे. दोन वाजता मी घाम पुसायला मान वर केली तेव्हा तळघराच्या खिडकीतून धूर येत होता. राखाडी, फार नाही. मी पाण्याचा पाइप घेऊन धावलो, पण दार उघडलं तर आत काळोख आणि धग. शेजारणीनं भोंगा लावायला फोन केला होताच. बंबघर अर्ध्या मैलावर. सहा मिनिटांत गाडी आली.

पहिला उतरला डेल.

बर्टच्या हातात कार्ड होतं. त्यानं एकदा कार्डावर, एकदा धुरावर नजर टाकली. "घरात कोण?"

"कुणी नाही. मार्लिस चर्चमध्ये आहे."

"खाली काही आहे का? कार्डावर नाही म्हटलंय. नक्की?"

डेल दोन पावलांवर उभा होता, पाठीवर हवेचं नळकांडं चढवत. त्यानं हात थांबवले आणि माझ्याकडं पाहिलं. तोंडावर तेच, एका बाजूचं. ते हसू नसतं तर? असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. उत्तर मला आवडत नाही म्हणून विचारणं थांबवत नाही.

"नाही," मी म्हणालो.

"आग लहान आहे," बर्ट म्हणाला. "सौनाच्या कोपऱ्यातच दिसतेय. आत जाऊन विझवू, घर वाचेल. डेल, तुला घर ठाऊक आहे. तू आणि अर्विन." अर्विन म्हणजे आमच्या गल्लीतला सुतार, धिप्पाड गडी. बर्टनं घड्याळ पाहिलं. दोघांनी मुखवटे चढवले, पाइप उचलला आणि तळघराच्या पायऱ्या उतरून धुरात गेले.

मी हिरवळीवर उभा राहिलो.

मला काय काय आठवलं ते सांगतो. पहिलं आठवलं ते तिजोरीच्या दाराची पट्टी. विकणाऱ्यानं कौतुकानं दाखवली होती: आग लागली की ही पट्टी गरमीनं फुगते आणि दार असं घट्ट बसतं की धूरसुद्धा आत जात नाही. धूर आत जात नाही, म्हणजे आतलंही काही बाहेर येत नाही. तेरा पौंड. आणि ती सौनाच्याच भिंतीला टेकून आहे. मग आठवलं की धूर दिसायच्या आधी किती वेळ ती भिंत तापत असेल.

एवढं सगळं मला आठवलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

मनात काय होतं तेही सांगतो, आता काय राहिलंय? आग लहान आहे, बर्ट म्हणालाच होता. दोन मिनिटांत विझवतील, बाहेर येतील, डेल मुखवटा काढेल आणि कुणाला काही कळणार नाही. ओरडलो तर काय होईल तेही दिसत होतं. सगळ्या बंबासमोर मी खोटारडा, मी चोर, आणि पुढल्या वर्षी पॅनकेकच्या रांगेत तो म्हणणार, लॉइडला विचारा, तिजोरीत काय आहे. तो मरावा असं मला वाटत नव्हतं. शपथेवर सांगतो. पण तो मरू शकतो हे मला ठाऊक होतं, आणि तरी माझं पारडं दुसऱ्याच गोष्टीकडं झुकत होतं.

खिडकीतून पांढरी वाफ आली. पाणी लागत होतं. मी म्हटलं, विझली. मग त्या वाफेत काळा धूर पुन्हा मिसळला. आतून पाण्याचा आवाज एकाच जागेवर येत राहिला, भिंतीवर नव्हे, लोखंडावर पाणी पडतं तसा.

तेव्हा माझे पाय हलले. "बर्ट," मी म्हणालो. "बर्ट, तिजोरीत पावडर आहे. तेरा पौंड. बोलाव त्यांना."

बर्टनं माझ्याकडं पाहिलं नाही, वेळ घालवला नाही. गाडीकडं धावला आणि भोंगा तीनदा लांब वाजवला, बाहेर या. बिनतारी यंत्रातूनही ओरडला, "बाहेर, दोघंही, आत्ता, पाइप टाका." क्षणभर काहीच झालं नाही. मग धुरातून अर्विन आला, त्याच्या मागं डेल, पायऱ्यांवर अडखळत. बर्टनं त्यांना रस्त्यापलीकडं पळवलं, मला ढकललं, शेजारणीला ढकललं. डेल पळता पळता मुखवटा ओढत होता.

"काय झालं काय? विझत आली होती. एवढं पाणी मी..."

तो बोलत असतानाच झालं. आवाज मोठा नव्हता, जमिनीतून आला. तळघराच्या खिडक्या चौकटीसकट अंगणात पडल्या, स्वयंपाकघराची जमीन वर उचलली आणि खाली बसली, आणि मग सगळ्या घरातून एकदम आग. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला तिजोरीचं हिरवं दार येऊन पडलं होतं. चौघांनी दोर लावून उतरवलेलं.

अर्विन वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि खोकत होता. डेल त्या दाराकडं बघत राहिला. फार वेळ लागला नाही त्याला समजायला, तो मूर्ख कधीच नव्हता.

"मी त्याच्यासमोर उभा होतो," तो म्हणाला. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "भिंतीवरची विझली होती. मी तिजोरीवर पाणी मारत होतो. बाबांची बंदूक आत आहे म्हणून."

मग तो बर्टकडं वळला. "आम्ही आत किती वेळ होतो?"

बर्टनं घड्याळ पाहिलं. सांगावं की नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं, पण तो खोटं बोलणारा माणूस नाही. "चार मिनिटं. जरा जास्तच."

"आणि तू विचारलंस तेव्हा तो नाही म्हणाला होता."

"हो."

डेल माझ्याजवळ आला. मी मार खायला तयार होतो, खरं तर मला तो हवा होता. त्यानं हातसुद्धा वर केला नाही. त्याच्या भुवया जळल्या होत्या आणि ते हसू कुठंच नव्हतं. त्या हसण्याविना तो हुबेहूब बाबांसारखा दिसत होता, आणि हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात मार्लिसची गाडी आली. चर्चमधून कुणीतरी धूर पाहिला होता. ती हातांना पीठ लागलेलं असताना तशीच धावत आली, घराकडं पाहिलं, मला पाहिलं, आणि दोन्ही हातांनी माझी बाही धरली. "तू बरा आहेस ना? आत कुणी होतं?"

"डेल आणि अर्विन," शेजारीण म्हणाली, रडतच. "लॉइड ओरडला म्हणून बाहेर आले गं. नाहीतर गेलेच होते दोघं."

"देवा," मार्लिस म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग डेलकडं पाहून म्हणाली, "बघितलंस? एवढं भांडता, पण शेवटी भाऊच ना. त्यानंच वाचवलं तुला."

मी डेलकडं पाहिलं. मनातून म्हणत होतो, काही बोलू नकोस. जन्मात त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागत होतो.

"सांग तिला," डेल म्हणाला.

"डेल..."

"मी सांगणार नाही. बर्ट सांगणार नाही. तू सांग. कार्डावर काय लिहिलंस ते सांग, आणि आम्ही आत गेल्यावर तू किती वेळ गप्प होतास ते सांग."

बर्टनं नजर दुसरीकडं वळवली. मार्लिस माझ्या तोंडाकडं बघत होती, अजून बाही धरून, कौतुकानंच. मी सांगितलं. तिजोरीपासून सुरुवात केली आणि चार मिनिटांपर्यंत आलो. मधे काही गाळलं नाही, गाळता आलं नाही, कारण डेल समोर उभा राहून ऐकत होता. मी म्हणालो, "मला वाटलं विझेल. विझली असती तर कुणाला कळलं नसतं."

माझ्या बाहीवर तिच्या बोटांचं पीठ उमटलं होतं. तिनं हात काढून घेतला, भांडं गरम आहे हे कळल्यावर काढतात तसा, आणि डेलपाशी गेली. त्याच्या करपलेल्या भुवईवरून बोट फिरवून पाहिलं, दुखतंय का विचारलं, आणि म्हणाली, नोरीनला फोन कर, आज मी तुमच्याकडं झोपते.

नोरीन डेलची बायको. मार्लिसचं आणि तिचं अकरा वर्षं पटत नव्हतं, माझ्यामुळंच. डेलनं मान हलवली आणि तिला त्याच्या गाडीचं दार उघडून दिलं.